अक्कांची पट्टाची जोडी

म्हैसूरला असताना ज्यांच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली होती, त्या बाईंना चष्म्याचा मनस्वी राग होता. आणि त्यांच्या स्वतःच्या नाकावर लहानपणापासून बाटलीच्या बुडाइतक्या जाड काचांचा चष्मा. त्या काचांमागे त्यांचे डोळे कुठेतरी लांब बसल्यासारखे दिसायचे. तिथून त्यांना दिसायचं मात्र सगळं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायला लागले.

खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, मटण शिजवणार का हेही विचारलं नाही. घर मराठीच होतं. पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या घोडदळात आले आणि इथेच राहिले. घरात अजून मराठी बोलतात, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये कधी शिरतं ते त्यांनाही कळत नाही. मी नाशिकची. मला वाटलं, आपलं माणूस म्हणून चार गोष्टी विचारतील, चहा देतील. अक्कांनी मला खिडकीशी उभं केलं, एक पेन्सिल माझ्या नाकासमोर धरली आणि हळूहळू जवळ आणायला लागल्या.

"एक दिसतीय का दोन?"

"एक."

"आता?"

"एकच."

"आता?"

"दोन," मी म्हणाले, कारण पेन्सिल जवळजवळ नाकाला टेकली होती.

"सरी," त्या म्हणाल्या. ठीक आहे, असं. "दोन्ही डोळे जोडीनं काम करतायत. खोली तुमची."

आधीच्या भाडेकरूचा डावा डोळा आळशी होता, हे मला नंतर कळलं. त्याला त्यांनी घालवलं नव्हतं. त्याचा आपल्याला काही उपयोग नाही, एवढंच त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. तो बिचारा आपण होऊन गेला.

उपयोग कशासाठी, ते मला पहिल्याच आठवड्यात समजलं. अक्का घरात पडदे बनवायच्या. दाराला लावायचे नव्हेत. ज्यावर चित्र दिसतं तसला पडदा, आणि त्यातली वस्तू चष्माबिष्मा न लावता, नुसत्या डोळ्यांनी, काचेतून उठून पुढे आलेली दिसावी असा. बाजारात मिळतो म्हणे तसला, पण त्याच्या किमतीत शेजारच्या नंजनगूड गावात घर होईल. अक्का तो मोडक्या लॅपटॉपच्या पडद्यातून, सुताराकडच्या फळकुटांतून आणि स्वतःच्या हट्टातून करायला निघाल्या होत्या.

"सिनेमावाले थ्रीडी म्हणून डोळ्यावर काळा चष्मा देतात," त्या म्हणायच्या. "माझ्यासारखीनं काय करायचं? चष्म्यावर चष्मा? नाक हाय का खुंटी?"

नंजनगूडच्या कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. रोज गाडीने जायचं, रोज गाडीने यायचं. शिकवण्याची सवय अजून गेली नव्हती. कॉफी गाळता गाळता त्यांनी मला सगळं एकदाच सांगितलं आणि पुन्हा विचारलं तर याद राखा, अशा नजरेने पाहिलं. आपले डोळे शेजारी शेजारी असतात. डावा जे बघतो त्याहून उजवा जरा वेगळं बघतो, आणि त्या फरकातून मेंदूला कळतं की काय जवळ आहे नि काय लांब. मग पडद्यावर दोन्ही डोळ्यांची चित्रं बारीक उभ्या पट्ट्या कापून एकाआड एक मांडायची. त्यावर उभ्या रेघारेघांचं पारदर्शक प्लास्टिक बसवायचं. प्रत्येक रेघ म्हणजे एक बारीक भिंग. ते एक पट्टी डाव्या डोळ्याकडे पाठवतं आणि शेजारची उजव्या.

"बस, एवढंच," अक्का म्हणाल्या. "यात न कळण्यासारखं काय हाय?"

ते प्लास्टिक कुठून आणायचं, हा प्रश्न होता. परदेशातून मागवायला त्या तयार नव्हत्या. नंजनगूडच्या देवळाबाहेर टपऱ्यांवर देवांची हलणारी चित्रं मिळतात. इकडून पाहिलं तर शंकर, तिकडून पाहिलं तर पार्वती. त्यांच्यावर हेच रेघांचं प्लास्टिक असतं. अक्का पिशवी भरून चित्रं आणायच्या, टबात भिजत घालायच्या आणि मागचा कागद नखाने सोलून काढायच्या. एकदा समोरच्या घरातली बाई दही मागायला आली आणि तिने न्हाणीघरात टबभर देव तरंगताना पाहिले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत झालं, अक्का देव सोलतात.

"सोलते की," अक्का दारात उभ्या राहून मोठ्यांदा म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "देवाला काय, कागदाला चिकटून बसायची हौस हाय?"

सोललेला प्रत्येक देव मात्र त्या दोरीवर वाळवायच्या, धुतलेल्या फडक्यात गुंडाळायच्या आणि टी. नरसीपूरला जाऊन संगमावर पाण्यात सोडून यायच्या. तिथे त्यांचं आजोळ होतं. देव मामाच्या गावाला पोचवून आले, म्हणायच्या.

मी त्या घरात भाडेकरू कमी आणि डोळे जास्त होते. सकाळी ऑफिसची बस पकडायला खाली उतरले की अक्का दारातच. आत स्टुलावर तो चौकटीतला पडदा, त्यात चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यातला घोडा.

"नाक आत का बाहेर?"

"बाहेर."

"किती बाहेर?"

"बोटभर."

"सरका उजवीकडं. आता?"

आणि उजवीकडे सरकलं की भलतंच व्हायचं. ठरलेल्या जागेवरून हललं की डाव्याचं चित्र उजव्या डोळ्याला जातं आणि उजव्याचं डाव्याला. मग जे पुढे यायचं ते आत जातं. घोड्याचं नाक मुखवटा उलटा धरल्यासारखं खोल जायचं, आणि पाहणाऱ्याला एकदम गरगरायचं. कधी प्लास्टिकच्या रेघा आणि खालच्या पट्ट्या एकमेकींशी जुळायच्या नाहीत. तेव्हा पडद्यावर पाण्यासारख्या लाटा उठायच्या आणि अक्का ते प्लास्टिक केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत बसायच्या.

"अक्का, माझी बस जाईल."

"बस उद्या पण येती. हा कोन उद्या सापडंल?"

बस गेली. एकदा नव्हे, अनेकदा गेली. मी रागाने फणफणत रिक्षा शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या स्टुलासमोर उभी राहायचे. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. माझी आई त्या दिवसांत फोनवर स्थळांशिवाय दुसरं काही बोलत नसे. अख्ख्या म्हैसुरात मला तुझं लग्न कधी, असं न विचारणारी ही एकच बाई होती. मला ती आवडायची, दुसरं काय.

एकदा मी त्यांना आमच्या ऑफिसात नेलं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलवायचा दिवस होता, आणि एका दालनात डोळ्यांवर मोठं यंत्र बांधून आभासी जगात फिरवून आणत होते. मला वाटलं, अक्का खूश होतील. तिथल्या मुलीने हसत हसत ते यंत्र पुढे केलं आणि म्हणाली, आंटी, फक्त स्पेक्स काढून ठेवा.

अक्कांनी ते हातात घेतलं, आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं.

"आमच्या घराण्यात हे घोड्याला बांधायचे," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "इकडंतिकडं बघू नये म्हणून."

यंत्र त्या मुलीच्या हातात परत देऊन त्या चालू लागल्या. मी मागे धावले. माझ्या टीममधले लोक बघत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसमध्ये मी चिडून म्हणाले, "दोन मिनिटं चष्मा काढला असता तर काय बिघडलं असतं?"

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. चामुंडीचा डोंगर मागे गेला तेव्हा बोलल्या.

"मला बघायला आले होते. एकदाच. आईनं सांगितलं, चष्मा काढून ठेव. मी काढला. खाली मान घालून बसले. त्यांनी मला बघितलं, चालायला लावलं, गायला लावलं. मला समोर नुसते पांढरे ढग. नवरा मुलगा कुठला आन त्याचा बाप कुठला, ते पण कळलं नाही. मला बघायला आलेल्या माणसाला मी बघितलंच नाही."

"मग?"

"मग काय. होकार आला. मी म्हटलं, बेडा. नको. मी बघितलेलंच नाही, तर हो कशाला म्हणू? आईनं लई दिवस अबोला धरला होता." मग माझ्याकडे वळून, वर्गात सूत्र सांगावं तसं त्या म्हणाल्या, "माझ्या घरी बघायला येणाऱ्यानं डोळ्यावर काही चढवायचं नाही आन काही उतरवायचं नाही. जसा हाय तसा यायचं आन बघायचं."

त्या दिवसानंतर मी बस चुकल्याची तक्रार केली नाही.

आता गोंब्यांचं सांगते, कारण अक्कांचा सगळा खटाटोप शेवटी तिथेच जाऊन थांबत होता. म्हैसूरला दसऱ्यात घरोघरी पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या ठेवतात. गोंबे. सगळ्यात वरच्या पायरीवर रक्तचंदनाचे राजा आणि राणी, ती पट्टाची जोडी. ती जोडी मुलीला लग्नात माहेरून मिळते. ती मिळाली की तिने तिच्या घरी दरवर्षी गोंबे मांडायचे, बायका कुंकवाला येतात, मुलं उसळ खायला येतात. इथल्या मराठी घरांनीही हे केव्हाच आपलं करून टाकलंय.

अक्कांचं लग्न झालं नाही, म्हणून अक्कांना जोडी नाही. जोडी नाही, म्हणून गोंबे नाहीत.

घराच्या पुढच्या भागात त्यांचा भाऊ आणि वहिनी राहायचे, मागच्या भागात अक्का. वहिनींकडे वरच्या पायरीवर दोन जोड्या असायच्या. एक त्यांच्या माहेरची, आणि दुसरी अक्कांच्या आईची, टी. नरसीपूरहून आलेली. आईने जाण्याआधी ती सुनेच्या हातात ठेवली होती. वहिनींनी ती काही हिसकावली नव्हती, हे अक्काही कबूल करायच्या. पण दोन राजे नि दोन राण्या एका घरात, आणि पलीकडच्या भिंतीआड एकही नाही, याचा हिशेब त्यांना कधी पटला नाही. दरवर्षी नवरात्रात त्या पाहुणीसारख्या पुढच्या दाराने जायच्या, स्वतःच्या आईच्या बाहुल्यांना नमस्कार करायच्या आणि मागच्या दाराने परत यायच्या.

माझ्या पहिल्या दसऱ्याला मीही त्यांच्याबरोबर गेले. बायका भरजरी साड्या नेसून बसल्या होत्या, कोणीतरी गात होतं. अक्कांनी पिशवीतून कपाटाच्या ड्रॉवरला लावतात ती सरकती लोखंडी पट्टी काढली, वहिनींच्या पायऱ्यांसमोर स्टुलावर ठेवली, तिच्यावर मोबाईल बसवला आणि आईच्या जोडीचे फोटो काढायला लागल्या. एक फोटो, मोबाईल जरासा सरकवायचा, दुसरा फोटो, पुन्हा सरकवायचा. गाणं थांबलं.

"अक्का," वहिनी म्हणाल्या, "फोटो हवा तर एक काढा की. हे सरकून सरकून काय?"

"एका डोळ्याला एक लागतो," अक्का म्हणाल्या. "सुम्ने बसा, वैनी. हलले तर पुन्हा काढावे लागतील."

सुम्ने म्हणजे गप्प. आपल्याच दिवाणखान्यात गप्प बसायला सांगितलेल्या वहिनी खरोखर गप्प बसल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांना रीत प्यारी होती, इतकंच. पण माणसापेक्षा रीत मोठी मानणाऱ्या लोकांचा मला तेव्हाही राग यायचा, आताही येतो.

पुढचं वर्ष त्या फोटोंच्या पट्ट्या कापण्यात गेलं. आणि नवरात्राच्या आधी अक्कांनी स्वतः घरोघरी जाऊन सांगितलं, यंदा माझ्याकडे गोंबे आहेत, कुंकवाला या.

वहिनी त्याच संध्याकाळी मागच्या दारात आल्या. "अक्का, गोंबे मांडायला माहेरची जोडी लागती."

"माझं माहेर हेच. मी माहेरातनं बाहेरच पडले नाही, तर जोडी येणार कुठनं?"

"मग कुठली मांडताय?"

"आईची."

"ती तर माझ्याकडं हाय."

"हाय की. तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे. तिच्यावर पडलेला उजेड तेवढा मी उचलून आणला."

वहिनी पदर सावरून वळल्या. जाताना म्हणाल्या, एका घरात दोन ठिकाणी गोंबे मांडत नाहीत, मी काही यायची नाही. आणि गल्लीतल्या बायकांना समजायचं ते समजलं.

घटस्थापनेला अक्कांनी पायऱ्या मांडल्या, पांढरं कापड घातलं, वर फुलांची चौकट करून तो पडदा ठेवला. लाल चंदनाचे राजा-राणी काचेतून बोटभर पुढे येऊन उभे. राणीच्या अंगावर अक्कांच्या आईच्या साडीचा तुकडा, त्याची जर उचलून घ्यावी इतकी जवळ. मी कितीतरी वेळ बघत राहिले. अक्का मैसूर सिल्क नेसून, कुंकवाचा करंडा घेऊन बसल्या होत्या. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी ऑफिसमधून लवकर येऊन त्यांच्याशेजारी बसायचे. दोघींनीच उसळ खायची. त्या करंडा मांडीवरून खाली ठेवत नव्हत्या. ते बघवत नव्हतं.

मग पोरं आली, कारण पोरांना उसळीशी मतलब. पोरांनी घरी जाऊन सांगितलं की अक्कांचा राजा हवेत उभा आहे. तेव्हा समोरची, टबातले देव बघून गेलेली बाई दबकत आली. नेमकी भलत्या जागी उभी राहिली, आणि किंचाळली, "अय्यो! राजाचं तोंड आत गेलंय!"

आता ही बातमी गल्लीत काय रूप घेणार हे उघड होतं. राजाचं तोंड बसलं, म्हणजे घराला अपशकुन. अक्का शांतपणे उठल्या. रांगोळीचा डबा आणून त्यांनी जमिनीवर, बरोबर जागेवर, दोन पावलं काढली.

"इथं पाय. डोकं सरळ. आता बघ, कोणाचं तोंड आत गेलंय ते."

त्या बाईने पावलांवर पावलं ठेवली. मग हात जोडले. दुसऱ्या संध्याकाळपासून त्या रांगोळीच्या पावलांवर उभं राहायला रांग लागली. माझा अंदाज असा की अर्ध्या बायका भक्तीने आल्या, आणि बाकीच्या राजाचं तोंड आत जाताना बघायला. मुद्दाम कडेला सरकून किंचाळायच्या आणि पुन्हा पावलांवर यायच्या. अक्का प्रत्येकीला कुंकू लावत होत्या. इतकं ताठ बसलेलं माणूस मी क्वचितच पाहिलं असेल.

वहिनी मात्र आल्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर बाकी सगळी गल्ली आली तरी अक्कांची नजर दाराकडेच होती. त्या घरात जोडीला जोडी म्हणणं, न म्हणणं एकट्या वहिनींच्या हातात होतं.

त्या आल्या त्या थेट विजयादशमीला. दुपारी सगळी गल्ली हत्तीची मिरवणूक बघायला गेली होती. संध्याकाळी बायका दमून परतल्या आणि आपापल्या जोड्या झोपवायला लागल्या. तीही रीतच. दसरा संपला की राजाराणीला आडवं करायचं, थोपटायचं, मग गोंबे उचलायचे. वहिनींनी त्यांच्या दोन्ही जोड्या झोपवल्या आणि चार-पाच बायकांना घेऊन मागच्या दाराने आत आल्या. रांगोळीच्या पावलांकडे त्यांनी बघितलंही नाही. लांब, भिंतीशी उभ्या राहिल्या.

"अक्का, दसरा संपला. झोपवा जोडी."

"झोपवते की," म्हणून अक्कांनी बटणाकडे हात नेला.

"बंद करायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "दिवा घालवला म्हणजे माणूस झोपलं होय? आडवं करायचं, थोपटायचं. झोपली तर जोडी. नाही झोपली तर टीव्ही हाय. टीव्हीला कुंकू लावायला गल्ली बोलवली असं होईल मग."

मी अक्कांकडे पाहिलं. त्या हसल्या, उठल्या, फुलं काढली, पडदा पायरीवरून उचलून खाली एका पाटावर आणला आणि बाजूवर उभा केला. राजाराणी आडवे झाले. रेल्वेच्या बर्थवर झोपावं तसा वर राजा, खाली राणी.

आणि दोघंही कागदासारखे चपटे झाले.

कॅलेंडरवरचं चित्र असतं तसं. राणीची जर काचेला चिकटली. राजाचं नाक ना आत ना बाहेर. कारण पडद्याबरोबर प्लास्टिकच्या उभ्या रेघाही आडव्या झाल्या होत्या, आणि आता त्या दोन्ही डोळ्यांना एकच चित्र पाठवत होत्या. जन्मभर फिजिक्स शिकवलेल्या बाईने वर्षभर कोन मोजले, आणि जोडीला शेवटी झोपवावं लागतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. जिने कधी जोडी झोपवलीच नाही, तिच्या ध्यानात येणार तरी कसं?

"गेली की जोडी," कोणीतरी हळूच म्हणालं.

वहिनींच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी काहीतरी बोलणारच होते. तेवढ्यात अक्का पाटासमोर जमिनीवर बसल्या. पडद्याकडे बघत राहिल्या. चष्मा वर सरकवला. मान जराशी डावीकडे कलती केली, आणखी कलती केली. आणि मग, सत्तरीला टेकलेली ती बाई, मैसूर सिल्क नेसलेली, गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर, सरळ जमिनीवर आडवी झाली. एका कुशीवर, हात डोक्याखाली घेऊन. राजाराणीची डोकी ज्या बाजूला, त्याच बाजूला आपलं डोकं करून.

"आली," अक्का म्हणाल्या. आवाज एवढा मोठा की पुढच्या घरात पेपर वाचत बसलेल्या भावालाही ऐकू गेला असेल. "उठून आली! तुम्ही उभ्या ऱ्हाऊन बघताय, तर कशी दिसंल? झोपलेल्याला झोपूनच बघायला पायजे. या. झोपा."

मी सगळ्यांत आधी झोपले. डोकं टेकलं आणि राणी बोटभर पुढे, माझ्याच श्वासाच्या टप्प्यात, माझ्याशेजारी निजल्यासारखी. माझ्यामागे बांगड्यांचा आवाज झाला. समोरची बाई झोपली. मग दुसरी. हसू, कुजबुज, "अय्यो, सरका की जरा," "माझा पदर," आणि एकेक बाई आडवी होऊन एकदम गप्प. पाटासमोर जागा थोडी, म्हणून एक उठायची आणि दुसरी निजायची.

शेवटी वहिनी एकट्याच उभ्या होत्या.

"वैनी," अक्का जमिनीवरूनच म्हणाल्या, "माझ्याकडं उशी नाही. हात घ्या डोक्याखाली."

वहिनींचे गुडघे दुखायचे. आधी त्या एका हाताने भिंत धरून बसल्या, मग कोपरावर आल्या, मग हळूहळू अक्का आणि पाटाच्या मधे कलल्या. दोघी नणंदा-भावजया एका कुशीवर, एकामागे एक. वहिनींचं डोकं हातावर टेकलं. मग वहिनींनी हात पुढे केला आणि राणीला थोपटलं. हात काचेला लागलाच नाही. काचेच्या बोटभर अलीकडे थांबत होता, जिथे राणीचा खांदा होता तिथे, हलकेच वर आणि खाली.

अक्कांना राहवलं असतं तर त्या अक्का कसल्या.

"आता बोला, वैनी. टीव्ही हाय का जोडी?"

"सुम्ने ऱ्हावा की, अक्का," वहिनी थोपटता थोपटता कुजबुजल्या. "झोपलीत दोघं."